लोण्याचे सत्तावीस थर

पहाटे साडेपाचला ताई स्वयंपाकघरात येते आणि दिवा लावायच्या आधी ओट्यावर तळहात टेकवते. ग्रॅनाइट रात्रभर गारठून पडलेला आहे. "वा," ती म्हणते, "आज ओट्यावर बर्फाच्या पिशव्या नाही फिरवाव्या लागणार." मग दिवा लागतो. खिडकीशेजारच्या तापमापकाचा काटा १७ अंशांवर आहे. ती फ्रिजमधून दोन गोष्टी काढते. एक म्हणजे काल रात्री मळून ठेवलेला मैद्याचा गोळा आणि दुसरी बटर पेपरात चौकोनी थापलेली, सव्वाशे ग्रॅम बिनमिठाच्या बटरची वडी.

दुर्ग-भिलाई या जोडशहरातलं मोहन नगर अजून पांघरुणात आहे. लांबून मुंबई-हावडा मार्गावरची मालगाडी धडधडत जाते, ती बराच वेळ संपत नाही. मी काल संध्याकाळी नागपूरहून आले आहे. ताई माझी मामेबहीण. लग्न होऊन इथे आली आणि या गावची झाली. तिच्या घरात मराठी चालते, रस्त्यावर हिंदी आणि मागच्या दारी छत्तीसगढी. तिन्ही भाषा एकाच श्वासात बोलणारी ही बाई आज क्रोआसाँ करणार आहे, आणि ते बघायला मी मुद्दाम रजा टाकून आले आहे.

क्रोआसाँ खारीच्या गोतातलंच, पण खारीपेक्षा फार अवघड. खारीत यीस्ट नसतं, आणि बेकरीवाले पुष्कळदा त्यासाठी खास घट्ट मार्जरीन वापरतात. ते उन्हाळ्यातही थरांतून सहजासहजी वितळून वाहत नाही. क्रोआसाँमध्ये यीस्टही हवं आणि खरं बटरही. यीस्टला ऊब लागते, बटरला गारवा. दोघांना एका घडीत बसवायचं, हा सगळा खेळ. ताईने याआधी पाव केले आहेत, दालचिनीचे रोल केले आहेत, वर कुरकुरीत आणि आत जाळीदार असा फोकाचा केला आहे. लग्नानंतरच्या पहिल्या काही वर्षांत ती कुकरच्या तळाशी वाळू पसरून, शिट्टी काढून रव्याचा केक करायची. इथवर पायरीपायरीने आली आहे. पण ही पायरी उंच आहे, हे तिच्या चेहऱ्यावर दिसतं. ओठ घट्ट मिटलेले, आणि डोळ्यांत मात्र खुशी.

ती आधी बटरची वडी दोन्ही हातांनी धरून हलकेच वाकवते. वडी कमानीसारखी वाकते, मोडत नाही. "ही बघ," ती मला म्हणते, "वाकली पाहिजे. तडकली तर अजून गार आहे, बोटं रुतली तर गरम झाली." मग एक बोट कणकेच्या गोळ्यात आणि दुसरं बटरमध्ये दाबून बघते. दोन्हींचा मऊपणा सारखा हवा. बटर जास्त कडक असलं तर लाटताना त्याचे तुकडे होऊन थरांत खडे राहतात. जास्त मऊ असलं तर ते कणकेत मुरून जातं आणि मग थर उरतच नाहीत, नुसता श्रीमंत पाव होतो. मागे एकदा तिने घरच्या सायीचं लोणी वापरून पाहिलं होतं. घरच्या लोण्यात पाणी किती राहिलंय याचा भरवसा नसतो. ते लाटण्याखाली फुटलं. विकतच्या बटरमध्ये किमान ८० टक्के स्निग्धांश असावाच लागतो, तसा नियम आहे. उरलेल्यातलं बहुतेक पाणी. आणि ते पाणीही कामाचं, कारण भट्टीत त्याचीच वाफ होते आणि एकेका पापुद्र्याला उचलून धरते.

कणीक चौकोनी लाटून ती वर बटर तिरकं ठेवते, चारही कोपरे मधे आणून मिटते. पत्राच्या पाकिटासारखी घडी तयार होते. शिवणी चिमटीने बंद करते. आणि लाटणं हातात घेते.

आता खरी गंमत. जन्मभर पोळ्या लाटलेला हात आहे तो. पोळी लाटणाऱ्या हाताला एक सवय असते. लाटणं नुसतं पुढेमागे जात नाही, जाता जाता पोळीला फिरवतं, कडेला थोडा जास्त दाब देतं, आणि पोळी आपोआप गोल होत जाते. इथे यातलं काहीच नको. लाटणं सरळ जायला हवं, सरळ यायला हवं, आणि कडेच्या बोटभर अलीकडे थांबायला हवं, नाहीतर बटर पुढच्या कडेने बाहेर येतं. मी ताईच्या मनगटाकडे बघते. ते वळू पाहतं, ती त्याला वळू देत नाही. दोन-तीनदा लाटणं जरा तिरकं होतं, ती थांबते, श्वास सोडते, पुन्हा सरळ धरते. इतक्या वर्षांची सवय बाजूला ठेवून त्याच हाताला नवं वळण लावणं सोपं नाही. ते माझ्यासमोर होताना दिसतंय, आणि मला तिचा फार अभिमान वाटतो.

"एका पासात सगळं दाबून नको राहू, बेटा."

आबा दारात उभे आहेत. कानाला मफलर, हातात चहाचा पेला. ताईचे सासरे. चंद्रपूरहून नोकरीसाठी इथे आले आणि भिलाई स्टील प्लांटच्या प्लेट मिलमधून निवृत्त झाले. पोलादाची लादी भट्टीत सुमारे बाराशे अंशांपर्यंत तापवायची, लालबुंद बाहेर काढायची, आणि अजस्र रुळांमधून पुन्हा पुन्हा पुढेमागे काढत तिची प्लेट करायची, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं. एकदा रुळांमधून जाणं म्हणजे एक पास. दर पासाला रुळांमधली फट थोडी कमी करायची. एकदम दाबलं तर प्लेटला लाटा येतात.

"आमच्याकडे गार झालं की खेळ खलास," ते मला सांगतात. "हिच्याकडे गरम झालं की. बाकी काम तेच."

आणि ते नुसतं बोलण्यापुरतं नाही. ओट्यावर कणकेच्या दोन्ही बाजूंना फॉइलमध्ये गुंडाळलेल्या दोन लोखंडी पट्ट्या आहेत, प्रत्येकी सहा मिलिमीटर जाडीच्या. त्या आबांनीच वेल्डिंगवाल्याकडून कापून, कानशीने कडा घासून आणल्या आहेत. लाटण्याची दोन टोकं या पट्ट्यांवर टेकली की कणीक सगळीकडे बरोबर सहा मिलिमीटर. त्यापेक्षा पातळ होऊच शकत नाही. भिलाईत पोलादाचा कारखाना उभारायचा करार सोव्हिएत संघाशी फेब्रुवारी १९५५ मध्ये झाला, आणि ४ फेब्रुवारी १९५९ ला राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. तेव्हापासून या परिसरातल्या हजारो घरांत मिलिमीटरची भाषा बोलली गेली आहे. आज ती एका सुनेच्या ओट्यावर उतरली आहे, आणि सासऱ्याला त्याचं केवढं अप्रूप आहे ते त्यांचा चहा थंड होण्यावरून कळतं. पेला हातात तसाच आहे.

वीस बाय पंचेचाळीस सेंटिमीटरची पट्टी तयार होते. ताई ब्रशने वरचा सुका मैदा झाडते, एक तृतीयांश भाग मधे घेते, वरून दुसरा तृतीयांश. एका कोपऱ्यात बोटाने एक खळगा करते. पहिली घडी झाली, याची खूण. दुसऱ्या घडीला दोन खळगे, तिसरीला तीन. पट्टी कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये जाते. आता चाळीस मिनिटं हात लावायचा नाही. लाटून लाटून मैद्यातलं ग्लुटेन ताणलं जातं, रबरासारखं मागे येतं. त्याला विसावा हवा.

या विसाव्याच्या वेळा मला फार आवडतात. कणीक आराम करते आणि घर बोलतं. आम्ही चहा घेऊन बसतो. मी ताईला सरळच विचारते, की हे कशासाठी? बाजारात मिळतंच की.

ती लगेच उत्तर देत नाही. मग म्हणते, "रोजचा स्वयंपाक मला आवडतो गं. पण त्यात कुणीतरी ताट घेऊन बसलेलं असतं. भाजी जमली नाही तरी वाढावीच लागते. याची कुणी वाट बघत नाही. बिघडलं तर बिघडलं, जमलं तर माझं."

मी यावर बराच वेळ विचार करत बसते. आपल्याकडे बाईच्या हाताला चव असते असं आपण कौतुकाने म्हणतो, पण तो हात नवं काय शिकला, हे कुणी विचारत नाही. चकलीचा काटा, मोदकाच्या कळ्या, पुरणपोळीचं पातळ लाटणं हे सगळं विशी-पंचविशीत शिकून झालं की शिकणं संपलं असं घर समजतं. पुढे नुसतं करत राहायचं. पन्नाशीत आलेली बाई पहाटे उठून, कुणासाठी नव्हे, एका नव्या कौशल्यासाठी ओट्याशी उभी राहते, तेव्हा ती चैन करत नसते. ती स्वतःला पुन्हा विद्यार्थी करून घेते. त्यातला आनंद फार मोलाचा आहे असं मला मनापासून वाटतं, आणि तो जितक्या घरांत शिरेल तितका हवा आहे.

फडताळात कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' आहे, पानं पिवळी पडलेलं. १९७० साली आलेल्या या पुस्तकाने वाटी आणि चमचा या मापांनी कितीतरी नवख्या मुलींना स्वयंपाकघरात उभं केलं. त्याच्या शेजारी ताईची वही आहे. तिच्यात सगळं ग्रॅममध्ये. मैदा २५०, दूध आणि पाणी मिळून १४०, साखर २५, मीठ ५, यीस्ट ४, कणकेत घालायचं बटर २०, थरांचं १२५.

"वाटी काय वाईट आहे?" मी विचारते.

ती बोलत नाही, डिजिटल काटा पुढे ओढते आणि मैद्याच्या डब्यात तीच वाटी तीनदा बुडवून तीनदा तोलते. काटा एकदा ११८ दाखवतो, मग १२७, मग १३४. वाटी एकच, हात एकच. पहिल्यांदा मैदा भुरभुरीत भरला, तिसऱ्यांदा डब्याच्या कडेला दाबून. "भाजीत चालतं," ती म्हणते, "यात सोळा ग्रॅम म्हणजे वेगळीच कणीक."

दुसरी घडी. आता कणीक जास्त ताठ आहे, लाटणं पट्ट्यांवर पोचायला वेळ लागतो. आबा स्टुलावर बसून पास मोजतात, मोठ्याने नाही, ओठांत. ताई दोनदा थांबून पट्टीच्या कडा हाताच्या बाजूने ठोकून सरळ करते. कोपरे काटकोनात हवेत, कारण गोल कोपऱ्यात बटर पोचत नाही आणि तिथे नुसती कणीक राहते. दोन खळगे. फ्रिज.

उन्हं आता अंगणात उतरली आहेत. ताईची लेक उठून येते. ती रायपूरला शिकते, सुट्टीला आली आहे. तिला या पदार्थाची वंशावळ पाठ आहे. व्हिएन्नात किपफेर्ल नावाचा चंद्रकोरीच्या आकाराचा पाव होता. १८३० च्या दशकाच्या शेवटी ऑगस्ट त्सांग नावाच्या ऑस्ट्रियन माणसाने पॅरिसमध्ये व्हिएन्नी पद्धतीची बेकरी काढली, तिथून फ्रेंचांनी तो आकार उचलला, आणि पापुद्र्यांची आजची पद्धत विसाव्या शतकात रुळली. म्हणजे फ्रेंचांनीही हे बाहेरून घेतलं आणि हाताने घडवत घडवत आपलं केलं. हे ऐकून आबा मान डोलावतात. त्यांच्या दृष्टीने यात नवल काहीच नाही, भिलाईत रशियन यंत्रांवर असंच झालं.

मी माझं सांगते. नागपुरात लहानपणी दिवाळीआधी आम्ही नानकटाईचं सामान घेऊन बेकरीत जायचो. डालडा, पिठीसाखर, मैदा, रवा सगळं घरचं. बेकरीवाला फेटून द्यायचा, आम्ही ट्रेमध्ये गोळे थापायचो, आणि भट्टीच्या तोंडाशी रांगेत उभं राहायचो. घरात भट्टी नव्हती म्हणून भाजणं आपल्याला ठाऊक नव्हतं असं कुणी म्हणू नये. कोकणात काकडीचं धोंडस करतात तेव्हा जाड बुडाच्या भांड्याखाली निखारे असतात आणि झाकणावरही निखारे. गोव्याच्या बेबिंकाचा प्रत्येक थर वरच्या आचेने भाजून मग पुढचा थर ओततात, आणि असे सात किंवा त्याहून जास्त थर. वरून-खालून आच द्यायची ही विद्या आपली जुनीच आहे, फक्त तिला बटण नव्हतं.

मागच्या दाराशी कलकलाट होतो. पौष पौर्णिमा आहे, छेरछेरा. छत्तीसगढात आज पोरं दारोदार जाऊन धान मागतात, आणि नवा भात घरात आलेला असल्यामुळे कुणी नाही म्हणत नाही. सात-आठ मुलं पिशव्या पसरून उभी आहेत. ताई पिठाचे हात तसेच पदराला पुसून सुपातून तांदूळ घालते. त्यांच्या मागून दाई येते, रोज सकाळी भांड्यांना येणारी. तिला घरातले सगळे दाईच म्हणतात. ती आज हातात भांडं घेत नाही, सरळ ओट्याजवळ येऊन उभी राहते.

"ए का बनावत हव दीदी?"

ताई तिला तिसरी घडी दाखवते. आता पट्टीच्या कापलेल्या कडेला थर उघड दिसतात, कणीक, बटर, कणीक, बटर, वहीच्या पानांच्या कडेसारखे. पहिल्या घडीत बटरचे तीन थर झाले, दुसरीत नऊ, तिसरीत सत्तावीस. लेक सुईच्या टोकाने मोजायला बघते, चौदापर्यंत पोचते आणि चुकते. दाई खाली वाकून नीट निरखते आणि तिला तिचं अंगाकर आठवतं.

अंगाकर म्हणजे तांदळाच्या पिठाची जाड भाकरी. पिठात रात्रीचा उरलेला भात कुस्करून, मीठ घालून मळायचं, हाताने थापायचं, पळसाच्या दोन पानांमध्ये ठेवायचं आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजायचं. "आगी ऊपर-खाल्हे दूनो डाहर ले लगथे," दाई दोन्ही तळवे एकावर एक धरून दाखवते. आच वरूनही आणि खालूनही. ताई हातातलं काम थांबवते. या घरात ती कितीतरी वर्षं राहते आहे, अंगाकर खाल्लंही आहे, पण ते कसं भाजतात हे तिने कधी विचारलं नव्हतं. ती एकामागून एक विचारत सुटते. पानं ओली की सुकी? निखाऱ्यावर राख येऊ द्यायची का? किती वेळ? दाईला एवढं कुणी आजवर विचारलेलं नाही. ती पदर खोचून खाली बैठकच मारते.

तासाभराच्या विसाव्यानंतर शेवटचं लाटणं. आता सहाच्या पट्ट्या जातात, चारच्या येतात. वीस बाय साठची लांब पट्टी, ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. ताई पिझ्झा कापायच्या चाकाने त्रिकोण कापते. धारदार आणि एका दमात कापावं लागतं, चेपलं की थर चिकटतात. बारा त्रिकोण. प्रत्येकाच्या पायाला मधोमध छोटी चीर द्यायची, टोक हलकेच ओढून लांब करायचं आणि पायापासून टोकाकडे गुंडाळत जायचं. गुंडाळी घट्ट हवी, आवळलेली नको. पहिला एका बाजूला कलतो. तिसऱ्यापासून तिची बोटं सुधारतात. सातवा बघून ती स्वतःच "अगं बाई!" म्हणते. लेक एक करते, मी एक करते. माझा जाडजूड होतो आणि ट्रेच्या कडेला जातो.

आता फुगवायचे. खोलीत वीस-एकवीस अंश, यीस्टला हे कमी. ताई बंद ओव्हनमध्ये खाली गरम पाण्याचं पातेलं ठेवते, वर ट्रे, आणि मधे तापमापक. २६ अंश झाले की तिला हवं तेच. तिशीच्या पुढे गेलं तर बटर वितळून तळाशी साचेल आणि सकाळची मेहनत तेलात जाईल. दोन-अडीच तास. दर अर्ध्या तासाने ती आत डोकावते. पाणी बदलते.

या वेळात आबा मला ओव्हनचा नकाशा दाखवतात. खरोखरच नकाशा आहे, चौकटीच्या वहीच्या कागदावर. नवा ओटीजी घेतला तेव्हा ताईचे बिस्किटांचे काही ट्रे एका बाजूने करपायचे. आबांनी ब्रेडचे स्लाइस आणवले, ते शेजारी शेजारी मांडून सगळा ट्रे भरला आणि १८० अंशांवर भाजला. मग बाहेर काढून प्रत्येक स्लाइसचा रंग कागदावर उतरवला. डावीकडचा मागचा कोपरा सगळ्यात काळा, दाराजवळची उजवी बाजू पांढुरकी. मधला पट्टा एकसारखा बदामी. तेव्हापासून या घरात अर्ध्या वेळेला ट्रे फिरवतात आणि डावा मागचा कोपरा रिकामा ठेवतात. "भट्टी कुठलीही असो," आबा म्हणतात, "आधी तिला ओळखून घ्यायचं." मला हा कागद फ्रेम करून लावण्यासारखा वाटतो. कितीतरी जण एक केक करपला की ओव्हन माळ्यावर टाकतात. त्यांच्याजवळ असा कुणी भट्टीवाला असता तर!

साडेबाराला ट्रे हलवला की बाराही गुंडाळ्या थरथरतात. झालं. ताई दुधात साय फेटून ब्रशने वर लावते. घरात अंडं चालत नाही, म्हणून अंड्याऐवजी साय. कापलेल्या कडांना लागू देत नाही, नाहीतर थर चिकटून बसतात. ट्रे बाहेर काढून ओव्हन आधीच २०० वर तापवलेला आहे. ट्रे आत.

पाचव्या मिनिटापर्यंत काही नाही. सगळे काचेसमोर. आबांनी स्टूल ओढलंय, लेक उकिडवी बसली आहे, दाई तिच्या खांद्यावर हात ठेवून वाकली आहे. सातव्या मिनिटाला पहिल्या गुंडाळीच्या पायऱ्या एकमेकींपासून सुटायला लागतात. डोळ्यांदेखत. जिथे एक रेघ होती तिथे दोन दिसतात, मग तीन. वाफ पापुद्रे उचलते आहे. ट्रेवर थोडं बटर पाझरून चुरचुरतं, ताई पुढे झुकते, बघते, "एवढं चालतं," म्हणते. दहाव्या मिनिटाला ती ट्रे फिरवते, आच १८० वर आणते. मग वास येतो. आधी दुधाचा, मग भाजलेल्या लोण्याचा, तूप कढताना बेरी लालसर व्हायला लागते त्या क्षणाचा. तो वास मागच्या दाराने बाहेर जातो आणि छेरछेराची दोन पोरं परत येऊन उभी राहतात.

बावीस मिनिटं. बाहेर. गडद बदामी, पाठीवर पायऱ्या, टोकं कुरकुरीत. गरम असताना कापायचं नाही, आतली वाफ निवायला हवी, पण वीस मिनिटं थांबणं कुणालाच जमत नाही. ताई पंधराव्या मिनिटाला करवतीच्या सुरीने सातवा कापते. तोच, "अगं बाई"वाला. पापुद्र्यांचा चुरा ओट्यावर उडतो. आत मोठ्या मोठ्या पोकळ्या, पातळ पडदे. वरचा अर्धा भाग जसा हवा तसा. खाली, तळाजवळ, बोटाच्या पेराएवढा भाग जरा गच्च.

ती तो भाग उजेडाकडे धरून बघते. तिच्या चेहऱ्यावर निराशा नाही, कुतूहल आहे. "अजून अर्धा तास फुगायला हवे होते," ती म्हणते.

"नाही," आबा म्हणतात, "तिसऱ्या घडीला तू घाई केली. खालच्या थरात बटर दबलं. पुढच्या वेळी तीन घड्या नको करू. एक चौपदरी, एक तिपदरी. बारा थर. कमी पास."

"बारा कमी होतील, आबा."

"करून तर बघ."

लेक तुकडा तोंडात टाकते आणि दोघांचंही ऐकत नाही. मी खाते. वरचं कवच दातांखाली मोडतं आणि आतून मऊ, किंचित गोड, लोणीच लोणी. दारातल्या पोरांना एकेक मिळतं. दाई अर्धा खाते, उरलेला अर्धा नातवासाठी पदरात बांधते. ताई तिला आणखी दोन कागदात बांधून देते. वहीत ती लिहिते: खालचा थर गच्च, फुगवणं किंवा तिसरी घडी? त्याखाली: चार गुणिले तीन.

मग ती वहीचं पान उलटते आणि वर 'अंगाकर' लिहिते.

"दाई, परसा के पान कहाँ मिलही?"

पळसाची पानं दाईच्या गावाकडे ढीगभर. ती येत्या रविवारी घेऊन येणार आहे, छेना म्हणजे गोवऱ्याही. मागच्या अंगणात विटा मांडून चूल करता येईल, आबा लगेच जागा बघायला उठतात.

"पीठ किती घेऊ?" ताई पेन उघडं धरून विचारते.

"नाप नइ हे," दाई हसते. "अंदाज ले डारथंव."

ताई काटा पुढे ओढते, त्यावर रिकामं पातेलं ठेवते, आकडा शून्यावर आणते आणि तांदळाच्या पिठाचा डबा दाईसमोर सरकवते. "तू घे तुझ्या अंदाजाने. मी बघते किती भरतं ते."

दाई डब्यात हात घालते.